कावळा शिवला

घाटावर पिंड मांडून तास झाला तरी कावळा शिवेना. समोरच्या भिंतीवर तीन-चार बसले होते, पण नुसते बघत होते. सासऱ्यांच्या दहाव्याला जमलेली मंडळी उन्हाने वैतागली होती.

"काहीतरी इच्छा राहिलीय त्याची. बोल, कबूल कर," चुलतसासरे माझ्या नवऱ्याला म्हणाले.

"आईला सांभाळीन, बाबा. गावचं घर विकणार नाही," नवऱ्याने हात जोडले. कावळे ढिम्म.

तेवढ्यात त्याच्या कानात ऑफिसचा साहेब बोलू लागला. अंगावर ओला पंचा, डोक्याचा ताजा गोटा आणि कानात तो इअरफोन. सकाळपासून तो माझ्या डोळ्यांत खुपत होता.

"हो सर, दुपारी लॉगिन करतो. नाही नाही, घरचं सगळं आटोपलंय."

आणि कावळ्याने पिंडात चोच घातली.

"बघ! तुझ्या नोकरीतच जीव अडकला होता त्याचा," चुलतसासऱ्यांनी डोळे पुसले. नवऱ्याचा चेहरा उजळला. त्याने लगेच ते साहेबालाही सांगितलं.

हॉस्पिटलात सासरे रोज विचारायचे, "आला का गं तो? म्हणावं, जरा बस माझ्याजवळ." मी रोज फोन करायचे आणि हा रोज मीटिंगमध्ये असायचा.

गाडीत बसल्यावर नवऱ्याने सुस्कारा सोडला. "बाबा समाधानाने गेले गं."

"समाधानाने कावळा गेला," मी म्हणाले. "बाबा दाराकडे बघत गेले."