गेटपर्यंतच

किराणा घरपोच देणाऱ्या दोन अ‍ॅप्सची तुलना करून नवऱ्याने निकाल दिला, "स्वस्तवालंच बरं." महागवाला सामान तिसऱ्या मजल्यावर दारात आणून द्यायचा. स्वस्तवाला गेटवर उभा राहून नावाने हाका मारायचा, वर काही यायचा नाही.

दर खेपेला ती बाळाला पाळण्यात ठेवून, दाराला कुलूप लावून खाली धावायची. पिठाची पिशवी आणि डायपरचा गठ्ठा घेऊन जिना चढताना वरून बाळाचा टाहो ऐकू यायचा.

"अरे, थोडे जास्त गेले तर जाऊ देत. बाळ घरात एकटं असतं."

"तुझं आपलं काहीतरीच! दोन मिनिटांत काय आभाळ कोसळतंय?"

पुढची ऑर्डरही तिने स्वस्तवाल्याकडेच दिली.

दुपारी नवऱ्याचा फोन आला, आवाज अगदी दबका. "अगं, इथे मीटिंग चाललीय आणि ऑफिसच्या गेटवर एक जण डायपरचे गठ्ठे घेऊन माझ्या नावाने ओरडतोय! साहेब खिडकीतून बघताहेत!"



झोपलेल्या बाळाला थोपटत ती गोड आवाजात म्हणाली, "मग जा की खाली. दोन मिनिटांत काय आभाळ कोसळतंय?"