साळूबाईची वाटी

वजनकाट्यावरून उतरता उतरताच आवडाबाईंनी डॉक्टरांना बजावलं, की अंडं काही आपण खाणार नाही. गळ्यात माळ होती, विषय संपला. डॉक्टरही खमके होते. नुसते उपास केलेत तर अंगातली ताकद जाईल आणि चरबी तिथंच राहील, म्हणाले. भात-भाकरी अर्धी करा, उसळी, डाळी, ताक, पनीर वाढवा, प्रथिनं पोटात गेली पाहिजेत. वजन उतरल्याशिवाय गुडघ्यांना मी हात लावणार नाही.

आवडाबाईंना घाई होती. लग्नानंतर सात वर्षांनी सुनेला, कीर्तीला, दिवस गेले होते. नातवंडाला पायावर घेऊन न्हाऊ घालायचं, तर जमिनीवर पाय पसरून बसता आलं पाहिजे. त्यांना पाटावरही बसवत नव्हतं. ते काम बाई लावून करून घेऊ, असं मुलगा बद्रीनाथ एकदा बोलून गेला, तेव्हा त्या दिवसभर त्याच्याशी बोलल्या नाहीत.

औरंगपुऱ्यातल्या सगळ्या गल्लीनं सल्ले दिले. सल्ल्यांत प्रथिनं असती, तर बाई त्यावरच सडपातळ झाल्या असत्या.

शेवटी उपाय सापडला तो घरातच. वरच्या खोलीत सोयगावची साळूबाई नुकतीच भाड्यानं आली होती. एका मेसमध्ये ती स्वयंपाक करायची. सोबत तिची लेक गोदा. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं दोन वर्षांपूर्वी टाकलेली, तेव्हापासून वाळत चाललेली. डॉक्टरांना काही सापडत नव्हतं आणि खाल्लेलं पोरीच्या अंगी लागत नव्हतं. ती अंथरुणातून क्वचितच उठायची.

"म्या देते उसळ करून," साळूबाई म्हणाली. "वजन उतरंल. पर तुमीच खायची, मालकीणबाई. दुसऱ्याला द्यायची नाय. एकाचा चष्मा दुसऱ्याला चालतो व्हय?"

तेव्हापासून रोज दिवेलागणीला ती वाटी घेऊन खाली येऊ लागली. मोडाची मटकी, हुलगे, मूठभर शेंगदाणे आणि वर कापलेलं लिंबू. वाटी उंबऱ्यावर ठेवायची आणि एक शब्द न बोलता, मागं वळून न बघता जिना चढायची. बाई जरा तुसडी आहे, पण हाताला चव आहे, असं आवडाबाईंनी ठरवून टाकलं. लिंबाचं बद्रीनाथला फार कौतुक वाटलं. लिंबानं उसळीतलं लोह अंगी लागतं, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं.

वजन उतरू लागलं. आधी ब्लाउज सैल झाले, मग बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. डॉक्टर खूश झाले.

वरच्या खोलीची जमीन फळ्यांची होती. पूर्वी तिथून चाहूलही येत नसे. आता पावलं वाजायला लागली. पुढं पुढं फळ्या करकरू लागल्या आणि एकदा तर वरची धूळ आवडाबाईंच्या चहाच्या कपात पडली. त्यांना मनापासून बरं वाटलं. पोर उभी राहिली म्हणायची.

एका दुपारी गोदा जिन्यात भेटली. दंड भरलेले, गाल वर आलेले. डावा गुडघा हातानं दाबत, एकेका पायरीवर थांबत ती उतरत होती आणि दर पायरीला पुटपुटत होती, "विठ्ठला, सोडव रे."

आवडाबाईंच्या अंगावर काटा आला. हे त्यांचंच उतरणं होतं, त्यांचेच शब्द होते. मग त्यांनीच मनाची समजूत घातली. इतके दिवस अंथरुणात पडून पोरीचे सांधे आखडले असतील. आपला डावा गुडघा कधीपासून दुखेनासा झालाय, हे मात्र त्यांना आठवेना.

डॉक्टरांनी एक दिवस सांगितलं, की आता बस झालं, आणखी उतरू नका. त्याच आठवड्यात कीर्तीच्या तपासणीत रक्त कमी निघालं. तिच्या डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं, प्रथिनं वाढवा, लोह वाढवा. दूध तिला पचत नव्हतं, अंडं घरात येत नव्हतं. आवडाबाईंनी सरळ वाटी सुनेपुढं सरकवली. अन्नच ते, ते कुणाला बाधतंय? साळूबाईला मात्र त्यांनी कळू दिलं नाही. कीर्ती रोज वाटी चाटूनपुसून खायची.

"आई, दोन दिवस झाले, बाळ अगदी शहाण्यासारखं निजलंय," कीर्ती एका सकाळी म्हणाली. "नाहीतर लाथांनी झोपू देत नव्हतं."

"पोट भरलं की लेकरं निजतातच," आवडाबाई कौतुकानं म्हणाल्या.

त्याच दुपारी साळूबाई रिकाम्या हातानं खाली आली. पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आली आणि आवडाबाईंचे पाय धरून बसली. रडत रडत तिनं सगळं सांगितलं. ती वाटी रोज गोदावरून ओवाळून आणलेली असायची. उतारा होता तो. लेकीचं वाळणं खाणाऱ्याला जावं आणि खाणाऱ्याचं अंग लेकीला यावं. मालकीणबाईंना ते अंग नकोच होतं, म्हणून तिला धीर झाला होता.

आवडाबाई संतापल्या. मग स्वतःच्या बारीक मनगटाकडं बघता बघता त्यांना हसू आलं. चरबी गेली, गुडघेदुखी गेली आणि एक पोर उठून बसली. यात आपलं काय गेलं? त्यांनी साळूबाईला दंडाला धरून उठवलं. "ऊठ बाई. मला जड झालेलं तुझ्या लेकीला लागलं. वाया तर नाही गेलं."

"समदं लागलं, मालकीणबाई," साळूबाई डोळे पुसत म्हणाली. "पर आता लई इपरीत झालंय. दोन वरसं पोरीनं नवऱ्याचं तोंड बघितलं नाय, आन परवापासून म्हणती, आय, पोटात कुणीतरी लाथा मारतंय."