घरचं उत्तर

मॅच संपल्याचा भोंगा वाजला तसा नरेंद्र पायऱ्या उतरून क्लबच्या माणसाकडे निघाला. आधी श्रीरंगला बाहेर येऊ दे, असं सुचित्रा मागून म्हणत होती, पण नरेंद्रला धीर कुठला. ट्रॉयच्या घरून सात तास गाडी हाकत तो या माणसाला गाठायलाच आला होता.

श्रीरंग त्यांचा एकुलता एक मुलगा. अठ्ठ्याऐंशी सालच्या मार्चमधली ही त्याची कॉलेजातली शेवटची मॅच होती, आणि ती त्याची टीम हरली होती. चार वर्षांपूर्वी एका व्यावसायिक आइस हॉकी क्लबने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, त्याचं नाव घेतलं होतं, नवव्या फेरीत का होईना. कॉलेज संपेपर्यंत त्याला करारावर घेण्याचा हक्क त्या एकाच क्लबचा. तो हक्क या उन्हाळ्यात संपत होता. बोलावणं आलं तर आता, नाहीतर विषय संपला.

ड्राफ्ट म्हणजे काय, ते नरेंद्रने आपल्या परीने समजून घेतलं होतं. त्याच्या वेळी इंजिनिअरिंगच्या यादीत नाव लागलं की लागलं. मग ब्रह्मदेव आला तरी जागा हलत नसे. ड्राफ्टमध्ये श्रीरंगचं नाव आलं तेव्हा सुचित्राने दुधाच्या पावडरचे पेढे केले होते आणि मंडळाच्या गणपतीत ते सगळ्यांना वाटले होते.

क्लबचा माणूस वयस्कर होता, मांडीवर वही ठेवून काहीतरी लिहीत होता. नरेंद्रने हात पुढे केला, आपलं नाव सांगितलं, मुलाचं सांगितलं. माणूस जरा अवघडला. आपण समोरच्या टीमच्या गोलकीपरला बघायला आलोय, हे त्याने आधीच स्पष्ट केलं. मग नाव पुन्हा विचारलं आणि त्याला आठवलं. पत्र लिहिणारे वडील ते तुम्हीच का, असं त्याने विचारलं. इतकं नीटनेटकं पत्र क्लबला दुसऱ्या कुठल्या बापाने पाठवलं नव्हतं म्हणे.

नरेंद्रला आधी बरंच वाटलं. दोन वर्षांपूर्वी, श्रीरंगने सीझनमध्ये चौदा गोल केले त्यानंतरच्या उन्हाळ्यात, क्लबचं पत्र ट्रॉयच्या घरी आलं होतं: या हिवाळ्यापासून आमच्या दुय्यम टीममध्ये ये, करार करू. पाकिटावर श्रीरंगचं नाव होतं, तरी ते नरेंद्रने फोडलं. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. साताऱ्याला त्याची स्वतःची पत्रंही त्याचे वडीलच फोडत. उत्तरही त्यानेच दिलं, ऑफिसातल्या सेक्रेटरीकडून टाइप करून घेऊन. चिरंजीव अठ्ठ्याऐंशी साली पदवी पूर्ण करून सेवेत रुजू होतील, तोवर त्यांची जागा राखून ठेवावी, ही नम्र विनंती. पोराचं मन अभ्यासातून उडेल म्हणून घरात कोणालाच काही सांगितलं नाही.

ती जागा आठवड्याभरात दुसऱ्याला गेली, असं तो माणूस म्हणाला. घरचं उत्तर आलंय म्हटल्यावर त्यांनी मुलाला पुन्हा त्रास दिला नाही. आता यादीत नवी मुलं होती, जास्त चपळ. त्याने वही मिटली, श्रीरंगला शुभेच्छा सांगा म्हणाला आणि गेला.

नरेंद्र वळला. श्रीरंग मागेच उभा होता, केस ओले, खांद्यावर सामानाची भली मोठी बॅग. त्याने सगळं ऐकलं होतं.

"कुठलं पत्र, बाबा?"

नरेंद्रने सांगितलं. सांगताना त्याचा आवाज बारीक होत गेला. श्रीरंग बॅग खाली टाकून तिच्यावरच बसला. तो चिडला असता, ओरडला असता, तर नरेंद्रला सोपं गेलं असतं.

"दोन वर्षं मला वाटत होतं, मीच गुड इनफ नाही," श्रीरंग म्हणाला. "म्हणून कोणी फोन करत नाही. म्हणून मी वजन वाढवलं, रोज सकाळी पाच वाजता जिम. आणि मग स्लो झालो."

काहीतरी बोलायला हवं म्हणून नरेंद्र बोलला. जाऊ दे, डिग्री तर हातात आहे. मे महिन्यात कॉन्व्होकेशन, आजी खास त्यासाठी येतेय, तिचं विमानाचं तिकीटसुद्धा झालंय.

श्रीरंग बुटांकडे बघतच बोलला.

"सकाळी जिम आणि लॅब एकाच वेळी असायची. मी लॅब ड्रॉप केली. मग तिच्या पुढचे कोर्सेसही गेले. टीममध्ये राहायला पुरतील एवढे सोपे कोर्सेस घेत राहिलो. डिग्रीला ते चालत नाहीत. मे महिन्यात मला डिग्री मिळणार नाहीये. ग्रेड्स मी डॉर्मच्या पत्त्यावर मागवायचो. घरी आल्या असत्या तर तुम्ही फोडल्या असत्या."

बर्फ गुळगुळीत करणारी गाडी रिंकवर फेऱ्या मारू लागली.

कोट आणि थर्मास सांभाळत सुचित्रा तेवढ्यात खाली पोचली. क्लबच्या माणसाला नवऱ्याशी हात मिळवताना तिने वरून पाहिलं होतं. ते काय म्हणाले, असं तिने दोघांनाही विचारलं. श्रीरंग उठला आणि त्याने बॅग खांद्यावर घेतली.

"आई, आजीचं तिकीट कॅन्सल कर."

सुचित्राचा चेहरा उजळला.

"म्हणजे क्लबने लगेचच बोलावलंय का रे तुला?"