कोल्ह्याला मोठी, हरणाला लहान

“टू-टू-टूची गोळी कोल्ह्याला पुरते, तांबड्या हरणाला नाही. कायद्यातच बसत नाही,” दुकानदार गिल्क्रिस्ट म्हणाला आणि त्याने लॅकलनची जुनी रायफल काउंटरवर आडवी ठेवली.

एल्स्पेथ कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. नवऱ्याच्या हातातून बंदूक सुटली, एवढ्यानेच तिला जरा श्वास घेता आला. पण ते दुकानच बंदुकांचं होतं.

हिवाळ्यात रोरी गेला. एकुलता एक मुलगा, बर्फावरून गाडी घसरली. तेव्हापासून लॅकलन तिला ओळखू येत नव्हता. रात्री तो जागाच असे; तीही छताकडे बघत पडलेली असे, म्हणून तिला ते ठाऊक. मेंढरं शेजाऱ्यावर टाकून दिवसभर घरातच घुटमळे. त्याला तिच्या झोपेच्या गोळ्या मोजताना तिने दोनदा पाहिलं होतं. बंदुकीच्या कपाटाची किल्ली तर तो सारखी नव्या जागी लपवी. परवानेवाल्याखेरीज किल्लीची जागा कुणाला कळू नये, असा नियमच आहे. पण आजवर ती चहाच्या डब्यात असे, आणि हे पोलीस सोडून साऱ्या डोंगराला माहीत होतं.

परवा तिने किल्ली शोधून काढली आणि ती घेऊन कपाटापुढे बराच वेळ बसली. लॅकलन आला, किल्ली पुन्हा त्याच्याकडे गेली.

आणि आज सकाळी तो म्हणाला, “नवी रायफल बघायला जाऊ. तूही चल.” हल्ली तो तिला एकटीला कुठे सोडतच नसे. जुनीची भीती काय कमी होती, म्हणून आता नवी!

“मग टू-फोर-थ्री घे,” गिल्क्रिस्ट म्हणाला. “हरीण, कोल्हा, दोन्ही एकीत. खांद्याला धक्काही कमी.”

“वारा सुटला की भरकटते.”

“सिक्स-फाइव्ह?”

“कोल्ह्याला फार होते.”

“थ्री-नॉट-एट?”

“हरणाचं निम्मं मांस फुकट जायचं.”

“लेका, बायको करताना तरी एवढे आढेवेढे घेतले होतेस का?”

“निवड तिने केली. मी नुसता उभा होतो.”

गिल्क्रिस्ट खो खो हसला. एल्स्पेथला हसू येईना. कोकरांच्या दिवसात कोल्हा दिसला, की हाताला लागेल ती बंदूक उचलणारा हा माणूस. आता एवढं तोलूनमापून त्याला काय हवं होतं? गिल्क्रिस्टला सांगावं, याला काही विकू नकोस. पण नवऱ्याची अब्रू अशी वेशीवर कशी टांगायची? ती भयंकर घाबरली होती.

“पाणी पिऊन येते,” म्हणत ती मागच्या खोलीत गेली. नळाचं गार पाणी प्यायली, तोंडावर मारलं. अब्रू गेली खड्ड्यात, माणूस तरी राहील. सांगायचंच, असं ठरवून ती पडद्यापाशी आली.

“म्हणजे आज काहीच घेत नाहीस?” गिल्क्रिस्ट विचारत होता.

“नाही. जुनी मात्र ठेवून घे. आजच.”

“नवी येईतो वापर की.”

“घरात नको.”

एल्स्पेथचा हात पडद्यावरच थांबला.

“अरे, पण ठरवणार कधी? हरणांचा मोसम तोंडावर आलाय.”

लॅकलनने जुनी रायफल त्याच्याकडे सरकवली.

“एल्सी रात्री झोपायला लागली की ठरवीन,” तो हळूच म्हणाला. “परवा किल्ली घेऊन कपाटापुढे बसली होती रे. तिची मूठ उघडून मी ती काढून घेतली. तिच्या कानावर यातलं काही घालू नकोस. तिने विचारलंच तर सांग, लॅकलनला अजून एकही रायफल पसंत पडत नाही.”