हृषीची टाच

दौऱ्याचा पहिला कार्यक्रम शुक्रवारी, आणि आज सरावाला हृषी उजव्या पायाला प्लास्टर घालून आला. बाथरूममध्ये घसरला होता. आता खुर्चीत बसून बेस गिटार वाजवणार होता. बाकीच्यांनी त्याची टिंगल केली. मी मात्र त्या प्लास्टरकडेच बघत होतो.

आमच्या रॉक बँडचं नाव झालं ते बावीस मिनिटांच्या एका गाण्यामुळे. तेरा मात्रांचं, नुसत्या अंदाजाने वाजवताच येणार नाही असं. तीस वर्षं हृषी माझ्या ड्रम्सशेजारी उभा राहतो आणि दर समेला त्याची उजवी टाच जमिनीवर पडते. माझे कान गेल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी ती टाच बघून वाजवतोय. कुणाला सांगितलं असतं, तर हा पाच शहरांचा दौरा ठरलाच नसता.

आज तिसऱ्याच मिनिटाला सम चुकली. आमच्या गायिकेने, मालविकाने, हात वर करून गाणं थांबवलं. मी हृषीला आधार देत बाहेर पायरीवर नेलं.

"मला ऐकू येत नाही रे. सगळं तुझ्या टाचेवर चाललं होतं."

त्याने माझ्या ओठांकडे रोखून पाहिलं. पुन्हा म्हणायला लावलं. मग मटकन खाली बसला.

"अरे, पण मी तुझ्या काठ्या बघून टाच आपटायचो," तो सावकाश म्हणाला, मला ओठांवरून कळेल इतकं सावकाश. "मला तरी कुठे ऐकू येतंय?"

मी मागे वळलो. दोन पावलांवर मालविका आम्हाला हाका मारत उभी होती. कधीपासून, कोण जाणे.