‘नॉर्मल’चं रक्त

चौथ्या लेनमध्ये दोन पट्टे चमकत होते. तिथं एकच हवा होता.

प्रतिमानं यूव्हीचा दिवा बंद केला, चष्मा पुसला आणि दिवा पुन्हा लावला. पट्टे दोनच. एक खाली, जिथं असायचा तिथं. दुसरा बराच वर, मागं रेंगाळलेला. शेजारच्या तिसऱ्या लेनमध्ये मात्र एकच पट्टा होता, खालचा. तिसरी लेन होसकोट्याच्या अभिमन्यूची. चौथी तिची स्वतःची.

तपासणी कुठलीही असो, पेशंटच्या शेजारी ताडून बघायला एक धडधाकट माणूस लागतो. बेंगळुरूच्या त्या लॅबमध्ये हा मान एकोणीस वर्षं प्रतिमाकडे होता. पहिल्या वर्षी कुणीतरी सहज तिचं रक्त काढलं, मग तेच चालू राहिलं. कुपीवर नाव नाही, नुसतं ‘नॉर्मल’. सासूबाईंशी वाजलं की ती घरी ऐकवायची, तुम्ही काहीही म्हणा, मी सर्टिफाइड नॉर्मल आहे.

ह्या नव्या आजाराची तपासणी लॅबनं ह्याच महिन्यात सुरू केली होती. तसं काम सोपं. चायना ग्रासच्या वडीसारखं जेल असतं. त्याच्या एका टोकाच्या खाचांत डीएनए भरायचा आणि वीज सोडायची. डीएनए दुसऱ्या टोकाकडं, धन टोकाकडं पळत सुटतो. जेलच्या जाळीतून आखूड तुकडे सटासट पुढं जातात, लांब तुकडे अडखळत मागं राहतात. बाजारच्या गर्दीत मोकळ्या हातांचा माणूस पुढं निघतो आणि डोक्यावर टोपली घेतलेली बाई मागं राहते, तसंच हे. ह्या आजारात एका जनुकात डीएनएची तीच ती अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळं तुकडा लांबतो. जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून; त्यांतली एक लांबलेली असली तरी पुरतं. वरचा पट्टा म्हणजे आजार. चाळिशी-पन्नाशीत तोल जायला लागतो, मग जीभ जड होते, मग अंथरूण. औषध नाही.

अभिमन्यूचा थोरला भाऊ दोन वर्षांपासून भिंत धरून चालत होता. आपल्यालाही ते आहे का, एवढंच अभिमन्यूला विचारायचं होतं. रिपोर्ट न्यायला तो आणि त्याची बायको रम्या उद्या चार वाजता येणार होते.

पुण्याहून नुकताच आलेला ईशान मागून डोकावला. जेल त्यानंच भरलं होतं.

“माझ्याकडून लेन स्वॅप झाल्या, प्रतिमाताई,” तो म्हणाला. “तीन आणि चार. सॉरी. नॉर्मल पॉझिटिव्ह कसा येईल? आपण उलटं वाचू आणि रिपोर्ट देऊन टाकू.”

पोरगा मनापासून आळ स्वतःवर घेत होता. प्रतिमाचा जीव भांड्यात पडला. त्यात लाज वाटण्यासारखं काही आहे, हे तिच्या लक्षात यायला दोन मिनिटं गेली. आजार अभिमन्यूला असावा असं तिला वाटत होतं. अगदी मनापासून वाटत होतं. रक्त द्यायला आला तेव्हा तिनं त्याला पाहिलं होतं, त्याच्या बायकोला पाणी दिलं होतं, आणि तरीही. तिचे वडील चौतिसाव्या वर्षी स्कूटरच्या अपघातात गेले. जगले असते तर त्यांचं काय झालं असतं, कुणाला ठाऊक. मुलगा आशय एकवीस वर्षांचा. उलटं वाचलं की मिटलं. विचारणारं कुणी नव्हतं.

“नको,” ती म्हणाली. “परत लावू. ह्या वेळी मी भरते.”

दुसऱ्या दिवशी ती आठलाच आली. दोन्ही रक्तांतून डीएनए पहिल्यापासून काढला. अभिमन्यूचा दुसऱ्या लेनमध्ये भरला, ‘नॉर्मल’चा आठव्या लेनमध्ये. मधल्या पाच मोकळ्या सोडल्या, म्हणजे पुन्हा तीच पळवाट सापडायला नको. मग तासभर ती डीएनएत मिसळलेला निळा रंग जेलमधून सरकताना बघत बसली. चहा आला तो तसाच राहिला.

दोन वाजता तिनं दिवा लावला. दुसऱ्या लेनमध्ये एक पट्टा होता. आठव्यात दोन.

रिपोर्ट समजावून सांगायचं काम डॉक्टरांचं. पण माणसं मराठी बोलणारी, म्हणून त्यांनी प्रतिमालाही बोलावून घेतलं. रम्यानं पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

“तुम्हाला नाहीये,” प्रतिमा म्हणाली.

“नक्की ना, अक्का?” रम्यानं विचारलं. “परत बदलणार नाही ना?”

“दोनदा बघितलंय.”

अभिमन्यू उभा राहिला होता, तो पुन्हा खुर्चीत बसला. “स्वल्प बसतो,” म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. “मग अण्णालाच का आलं, अक्का?”

“निम्मी-निम्मी शक्यता असते. कुणाच्या वाट्याला काय येईल, त्याला कारण नसतं.” हे ती आवाज हलू न देता बोलली, आणि बोलल्यावर तिला आशय आठवला.

ती लॅबमध्ये परतली तेव्हा ईशान फ्रिज उघडून उभा होता. हातात ‘नॉर्मल’ची कुपी.

“ताई, हे कुणाचं आहे? कुठं नोंदच सापडत नाही. ज्याचं असेल त्याला कळवायला हवं.”

“कळलंय तिला,” प्रतिमा म्हणाली. तिनं कुपी त्याच्या हातातून घेतली. “आता दुसरं कुणीतरी लागेल. तुझं रक्त घेऊ. पण आधी तपासू, मग वापरू. माझ्या वेळी तेवढं राहून गेलं.”

ईशाननं कुपीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. मग त्यानं बाहीचं बटण सोडलं. आणि परत लावलं.