पुढचं चाक

काशीनाथने जुना टायर उलटा केला. आतून हिरवं पाणी, डासांच्या अळ्या आणि एक मेलेलं झुरळ पार्किंगच्या फरशीवर पडलं. वासाने त्याने तोंड फिरवलं. तरी त्याला हाच टायर आपल्या बाइकच्या पुढच्या चाकाला बसवायचा होता. बाइक जावयाकडे जाणार होती, आणि जावयाची आठवण झाली तरी तो असंच तोंड फिरवायचा.

काय तो पराग! जेवताना मोबाईल, ताटात हात वाळेपर्यंत मोबाईल. मग तोच हात टी-शर्टला पुसायचा. नोकरी घरातून, तीही लोळत. आणि क्षितिजाने फोनवर हट्ट धरलेला, "बाबा, गुडघ्यामुळे तुम्ही आता चालवत नाही ना, मग बाइक आम्हाला द्या." पोरीला नाही कसं म्हणणार? पण हौसेने घातलेला नवा टायर त्या ऐतखाऊला? शी! त्यापेक्षा तो माळ्यावर धूळ खात पडलेला बरा. म्हणून त्याने तो सकाळीच चाकावरून उतरवून ठेवला होता.

काशीनाथ कधी टायरवाल्याकडे जात नसे. सगळं घरीच. साबणाचं पाणी लावून, लोखंडी पट्ट्यांनी टायर रिमवर चढवायचा. मग दोन स्टुलांमध्ये दांड्यावर चाक टांगून फिरवायचं. जड बाजू खाली येते, तोल साधायला तिच्या विरुद्ध बाजूला शिशाचा तुकडा चिकटवायचा. बेव्हर्ली पार्कातले शेजारी बघायला थांबत. आज त्याने चाक टांगलंच नाही. नक्षी झिजलेला, कडेला चिरा पडलेला टायर कसातरी चढवला, हवा भरली आणि वरून काळं पॉलिश फासलं.

बायको, वासंती, भाजी घेऊन आली ती थबकलीच.

"अहो, हा तर तुम्ही फेकायला काढला होतात. ब्रेक मारला की घसरतो म्हणून."

"त्याला कुठे लांब जायचंय? क्षितिजाला ऑफिसची बस आहे. हा जाणार नाक्यावर वडापाव आणायला. घसरला तर येईल जरा अक्कल."

वासंतीने नाक मुरडलं. टायरकडे बघून की नवऱ्याकडे, ते तिचं तिलाच माहीत.

संध्याकाळी लेक-जावई आले.

"वा बाबा, नवीकोरी दिसतेय!" क्षितिजा म्हणाली.

"मग! एकदम चांगली ठेवलीय," काशीनाथ म्हणाला.

क्षितिजाने हेल्मेट घातलं आणि पुढे बसली. पराग मुकाट मागे बसला.

"तू चालवणार?"

"याला कुठे येते, बाबा? ऑफिसची बस बंद झाली. उद्यापासून घोडबंदर रोडने ठाण्याला मीच जाणार, रोज."

काशीनाथच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या रस्त्यावरचे ट्रेलर त्याला ठाऊक होते. गुडघे विसरून तो खाली बसला आणि सगळ्यांदेखत त्याने पुढच्या चाकाची हवा सोडून दिली.

"आज नको नेऊस. टायर बदलून देतो."

"का? आत्ताच तर चांगली आहे म्हणालात!"

काशीनाथ पाना शोधायला वळला. उत्तर वासंतीने दिलं.

"चांगलीच होती गं. परागसाठी."